वय ४३, पाळी चालू, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ: केमो घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नीट समजले की नाही ते तुम्हालाही कळेल. वय ४३, पाळी नियमित. डाव्या स्तनातली १.८ सेंटिमीटरची गाठ स्तन वाचवून काढली, कडा स्वच्छ आल्या. काखेतल्या तीन ग्रंथी तपासल्या, तिन्ही निरोगी. ग्रेड २ (पेशी मध्यम बिघडलेल्या), ईआर-पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) दोन्ही भरपूर पॉझिटिव्ह, हर-टू (गाठीची वाढ वेगवान करणारं प्रथिन) निगेटिव्ह, की-६७ (किती पेशी दुभंगताहेत त्याचं माप) १८ टक्के. ऑपरेशनला तीन आठवडे होत आले. एक डॉक्टर म्हणाले, "वय लहान आहे, चार केमो देऊन टाकू, रिस्क कशाला?" दुसरे म्हणाले, "गोळीवर भागेल," म्हणजे टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनरोधक गोळीवर. यजमान पहिल्यांच्या बाजूचे, बहीण दुसऱ्यांच्या. आणि तुम्ही विचारताय, खरं कोण बोलतंय?

दोघंही. पण दोघांनीही अर्धंच सांगितलंय.

बावीस वर्षं मी केमो देते आहे. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेली) गाठ एक सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा हर-टू पॉझिटिव्ह दोन सेंटिमीटरची असेल, तर केमो द्यायची की नाही यावर माझा फारसा वेळ जात नाही. कुठली आणि ऑपरेशनच्या आधी की नंतर, एवढंच ठरवायचं असतं. सगळ्यात जास्त वेळ खातो तो तुमच्यासारखा रिपोर्ट. सगळं 'चांगलं', फक्त वय कमी आणि पाळी चालू. तुम्हाला मी तपासलेलं नाही, स्लाइड पाहिलेल्या नाहीत. तेव्हा पुढचं सगळं तुम्ही लिहिलेले आकडे बरोबर आहेत असं धरून.

पहिली गोष्ट, घाई नाही. घरात 'दिवस चाललेत' म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो, मला माहीत आहे. केमो द्यायची असेल तर ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावी असा आमचा प्रयत्न असतो; तीन महिन्यांपलीकडे गेलं की मात्र तोटा दिसायला लागतो. म्हणजे नीट विचार करून एक तपासणी करून घ्यायला तुमच्या हातात पुरेसा वेळ आहे.

आता "केमो घ्यावी का" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. माझ्या खोलीत मी केसपेपर उलटा करते आणि त्यावर दहा ओळींत दहा-दहा टिंबं काढते. ही तुमच्यासारख्या शंभर बायका. सगळ्यांचं ऑपरेशन झालंय, सगळ्या गोळी घेताहेत. पुढच्या नऊ-दहा वर्षांत यातल्या किती जणींचा आजार दुसऱ्या अवयवात डोकं वर काढेल? समजा सहा. सहा टिंबं लाल करते. मग यजमानांना विचारते, "केमोने धोका एक तृतीयांशाने कमी होतो असं म्हटलं, तर किती लाल टिंबं पुसायची?" दोन. म्हणजे शंभर जणींनी केमो घ्यायची, त्यात दोघींचा फायदा. चौघींचा आजार केमो घेऊनही उलटणार आणि चौऱ्याण्णव जणी केमोशिवायही ठीकच राहणार होत्या. तेच लाल टिंबं तीस असती तर दहा पुसली गेली असती, आणि मग मी तुम्हाला हाताला धरून केमोच्या खुर्चीत बसवलं असतं. 'एक तृतीयांश' तोच. आधी लाल किती होती, यावर सगळं अवलंबून.

आणि हा 'एक तृतीयांश'सुद्धा सगळ्या गाठींना सारखा लागू नाही. केमो भराभर दुभंगणाऱ्या पेशींवर तुटून पडते. म्हणूनच केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घसरतात. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसलेली, सावकाश वाढणारी गाठ केमोला फारशी दाद देत नाही. तिचं अन्न तोडलं की ती जास्त नरमते. हे अन्न तोडण्याचं काम गोळीचं.

तुमची गाठ यातली कुठली, हे सूक्ष्मदर्शकातून अर्धवटच कळतं. त्यासाठी गाठीतली २१ जनुकं मोजणारी ऑन्कोटाइप डीएक्स ही तपासणी आहे. तिचा शून्य ते शंभर असा स्कोअर येतो; जितका जास्त, तितकी जोखीम जास्त. २०१८ मध्ये टेलरएक्स नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. दहा हजारांवर स्त्रिया, सगळ्या तुमच्याच गटातल्या: हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ. ११ ते २५ स्कोअरच्या स्त्रियांना चिठ्ठी टाकावी तसं विभागलं, निम्म्यांना केमो आणि गोळी, निम्म्यांना नुसती गोळी. नऊ वर्षांनी दोन्ही गटांत फरक जवळजवळ नाही. जगभर केमोचे किती डोस यामुळे वाचले याची गणतीच नाही.

पण त्याच निकालात एक खोच होती, आणि तुमच्या पहिल्या डॉक्टरांच्या मनात बहुधा तीच आहे. पन्नाशी आणि त्याखालच्या स्त्रिया वेगळ्या काढल्या तर चित्र बदललं. स्कोअर १५ पर्यंत असेल तर केमोचा फायदा नाहीच. २१ ते २५ असेल तर दूरच्या अवयवात आजार जाण्याचं प्रमाण केमोने शंभरात सहा-साडेसहांनी कमी झालं. मधल्या १६ ते २० मध्ये फायदा दीडेक टक्क्याचा. पुढच्या वर्षी याच अभ्यासकांनी गाठीचा आकार आणि ग्रेड सोबत धरून पुन्हा हिशेब केला. ग्रेड २ ची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर ती त्यांच्या भाषेत कमी जोखमीची, आणि त्या गटात १६ ते २० वाल्यांनाही फायदा उरला नाही. तुमची १.८. हे दोन मिलिमीटर इथे तुमच्या बाजूने उभे आहेत.

पन्नाशीखालच्यांनाच फायदा का? पेशी वयाचा दाखला बघत नाहीत. यावर बरीच वर्षं वाद आहे आणि माझं मत मी लपवत नाही. केमो गाठीच्या पेशींबरोबर बीजकोशांनाही झोडपते. चाळिशीच्या पुढच्या बाईची पाळी केमोत बरेचदा थांबते, आणि पाळी थांबली की इस्ट्रोजेन आटतं. म्हणजे केमो दोन कामं करत असते, एक आम्ही सांगितलेलं आणि दुसरं न सांगता. ज्यांची पाळी आधीच गेली आहे त्यांच्यात हे दुसरं काम करायला शिल्लकच नसतं. त्यांना मधल्या स्कोअरवर फायदा न दिसणं यात चपखल बसतं.

मग सरळच प्रश्न येतो. पाळीच थांबवायची तर महिन्याच्या एका इंजेक्शनने थांबवता येते, त्यासाठी केस कशाला घालवायचे? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. फक्त प्रामाणिकपणे सांगायचं तर 'केमो विरुद्ध इंजेक्शन' अशी समोरासमोरची झुंज जुन्या अभ्यासांत नीट लावलीच गेली नव्हती. टेलरएक्समध्ये नुसत्या गोळीच्या गटात पाळी थांबवण्याचं इंजेक्शन फार थोड्या जणींना मिळालं होतं. ती तुलना करणारा अभ्यास अमेरिकेत हाती घेतला आहे. तोवर मी उपलब्ध पुराव्यांवरून अंदाज बांधते, आणि रुग्णालाही तो अंदाज आहे असंच सांगते.

पाळी थांबवण्याचा स्वतःचा फायदा मात्र चांगला मोजलेला आहे. सॉफ्ट नावाच्या अभ्यासात पाळी चालू असलेल्या स्त्रियांचे तीन गट होते. आठ वर्षांनी आजारमुक्त असलेल्या स्त्रिया: नुसत्या टॅमॉक्सिफेनवर ७८.९ टक्के, टॅमॉक्सिफेन आणि पाळी थांबवणं यावर ८३.२, आणि एक्झेमेस्टेन (शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी गोळी) आणि पाळी थांबवणं यावर ८५.९. यात केमो घेतलेल्या, जास्त जोखमीच्याही बऱ्याच जणी होत्या, म्हणून हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावून घाबरू नका. दिशा बघा.

तर तुमच्या जागी माझी बहीण असती तर मी काय केलं असतं? तपासणी केली असती. स्कोअर २० किंवा त्याखाली आला तर केमो नाही. १५ च्या आत असेल तर नुसती टॅमॉक्सिफेन, १६ ते २० मध्ये असेल तर इंजेक्शन जोडायचं का यावर बोलणं. २६ किंवा त्यावर आला तर केमो, फार चर्चा नाही. २१ ते २५ आला तर तिला समोर बसवून टिंबं काढली असती, सहा जणींचा फायदा दाखवला असता, आणि त्यातला काही वाटा इंजेक्शनने मिळेल पण किती ते पक्कं माहीत नाही, हेही सांगितलं असतं. या खिडकीत काही जणी केमो घेतात, काही इंजेक्शन. दोन्हींना मी चूक म्हणत नाही. एकीला 'सगळं करून पाहिलं' ही खात्री हवी असते, दुसरी म्हणते सहा टक्क्यांसाठी मी हे अंगावर घेणार नाही. निर्णय त्यांचा, हिशेब माझा.

तपासणीचा खर्च हा खरा अडसर आहे. गाठीचा नमुना कॅलिफोर्नियाला जातो, साधारण दोन-तीन आठवडे लागतात आणि बिल अडीच-तीन लाखांच्या घरात. चार केमोंपेक्षाही महाग, हे ऐकून लोक हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. महात्मा फुले योजनेत केमो बसते, त्यामुळे 'केमो फुकट, केमो टाळायची तपासणी लाखांत' असा उफराटा प्रकार होतो. बेंगळुरूला तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही तपासणी पाच प्रथिनं बघते, बरीच स्वस्त पडते आणि नमुना देशाबाहेर जात नाही. ती कमी जोखमीची गाठ बऱ्यापैकी ओळखते असं आमच्याकडच्या नोंदींवरून दिसतं, पण चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या अभ्यासाचं बळ तिच्यामागे नाही. मी ती वापरते, हे माहीत असूनच.

दोन्ही शक्य नसेल तर? मग जुन्या पद्धतीने: आकार, ग्रेड, ईआर-पीआर किती तीव्र, की-६७ किती. यातल्या की-६७ वर फार विसंबू नका. पाचच्या आत किंवा तीसच्या वर असेल तेव्हा त्याला अर्थ आहे. मधे गाठीचा तोच नमुना दोन लॅबमध्ये १२ आणि २५ येऊ शकतो. तुमचा १८ म्हणजे 'सांगता येत नाही'चं दुसरं नाव. केंब्रिजचं प्रेडिक्ट हे उपचारांचा फायदा मोजणारं गणित इंटरनेटवर मोफत आहे. डॉक्टरांसोबत बसून भरा, घरी एकट्याने रात्री दोन वाजता भरू नका.

एखादीच्या काखेत एक ते तीन ग्रंथी बाधित असतील तर वरचं उत्तर तिने स्वतःला लावू नये. २०२१ च्या आरएक्सपाँडर अभ्यासात नेमका हा गट होता, स्कोअर २५ पर्यंत. पाळी गेलेल्यांना केमोने काही मिळालं नाही. पाळी चालू असलेल्यांत पाच वर्षांनी आजारमुक्त राहण्याचं प्रमाण केमोशिवाय ८९ टक्के आणि केमोने जवळजवळ ९४, आणि कमी स्कोअरवरही फायदा दिसला. तिथे माझा कौल केमोकडे झुकतो.

आता केमो म्हणजे प्रत्यक्षात काय, कारण 'रिस्क कशाला' म्हणताना केमोची रिस्क कुणी मोजत नाही. तुमच्यासारख्यांना बहुधा टीसी (डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं) दिली जाते, दर २१ दिवसांनी एक, अशा चार. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उशीवर केसांचा पुंजका दिसतो. आठव्या-दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला असतात, तेव्हा १००.४ च्या वर ताप आला तर क्रोसिन घेऊन पडून राहायचं नाही, रात्री बारा वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. नखं काळवंडतात, बोटं बधिरतात. बहुतेकींचं हे सगळं ओसरतं. पण ४३ व्या वर्षी गेलेली पाळी परत न येण्याची शक्यता बरीच असते, आणि तिच्यामागून हाडांचा ठिसूळपणा लवकर येतो. दोघींच्या फायद्यासाठी हे अठ्ठ्याण्णव जणींनी सोसायचं का, हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. तुमच्या बहिणीला कुणी 'केमोला घाबरते' म्हणत असेल तर हे वाचायला द्या.

आणि केमो टळली तरी स्तन वाचवला असल्याने शेक, म्हणजे रेडिएशन, टळत नाही. दर आठवड्याला कुणीतरी खुश होऊन विचारतं, "मग आता लाइटपण नको ना?" हवी.

आता गोळी. यावर जरा रेंगाळते, कारण इथेच घात होतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई होत्या, वय ४१, जवळजवळ तुमच्यासारखाच रिपोर्ट. केमो नको ठरलं, घरात पेढे वाटले. चौदाव्या महिन्यापासून त्या दिसेनात. साडेतीन वर्षांनी आल्या त्या कंबर दुखते म्हणून, आणि एमआरआयमध्ये मणक्यांत आजार. अंगातून वाफा निघायच्या, रात्री गाऊन बदलायला लागायचा. त्यात औषधाच्या दुकानातल्या भाच्याने सांगितलं, "मामी, या गोळीने गर्भाशयाचा कॅन्सर होतो." गोळी बंद. घरचे आजही म्हणतात, तेव्हा केमो घेतली असती तर. मी म्हणते, केमो न घेणं चुकलं नव्हतं, गोळी सोडणं चुकलं. आणि माझीही चूक होती: वाफा निघतील, त्यावर औषध आहे, हे मी एका वाक्यात उरकलं होतं. आता अर्धा तास देते.

भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण तो धोका मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांचा. पाळी चालू असलेल्या वयात तो जेमतेम वाढतो. अवेळी किंवा फार रक्तस्राव झाला तर दाखवा, एवढं पुरे. उलट बाजूला काय आहे ते बघा: पाच वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेनने पंधरा वर्षांतले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. काही रुपयांची गोळी. वाफांसाठी कमी मात्रेतली काही औषधं चालतात, पण कुणी फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन लिहून दिलं तर विचारा. ती टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतात. गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. पाळी अनियमित झाली म्हणून निर्धास्त राहू नका, कॉपर-टी बसवून घ्या.

इंजेक्शनचं ठरलं तर ते दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली. सुई चांगलीच जाड असते, कारण आत द्रव नसून तांदळाच्या दाण्याएवढी कांडी असते. आमची सिस्टर आधी पाच मिनिटं बर्फ धरते. तारीख चुकवायची नाही. पस्तिसाव्या दिवशी आलात तर बीजकोश जागे झालेले असू शकतात. सोबत एक्झेमेस्टेनसारखी गोळी असेल तर मधूनमधून रक्तातलं इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचंच एक रूप) बघायला लागतं. केमोने पाळी थांबली म्हणून 'पाळी गेली' असं धरून नुसती लेट्रोझोल (एक्झेमेस्टेनच्याच जातीची गोळी) सुरू करणं ही चूक मी आजही महिन्याला एकदा तरी पाहते. बीजकोश आतून चालू असतील तर ती गोळी निरुपयोगी.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण सांगते. एक, पन्नाशीच्या आत निदान झालंय तर बीआरसीए या आनुवंशिक जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. त्यात दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाचा आणि बीजकोशांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तुमच्या बहिणीलाही ते कळायला हवं. दुसरी, वाचणाऱ्यांत कुणी तिशीतली असेल आणि मूल हवं असेल तर केमोचा पहिला डोस लागण्याआधी बीजं किंवा भ्रूण गोठवण्याबद्दल बोला. नंतर बोलून उपयोग नसतो. गोळी मधे थांबवून गर्भधारणेला वाट देता येते का, यावर पॉझिटिव्ह नावाचा ५१६ स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग थांबलेल्यांत पहिल्या तीनेक वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

पुढच्या भेटीत यजमान आणि बहीण दोघांनाही सोबत न्या. डॉक्टरांना "केमो देऊ का नको" असं विचारू नका. विचारा: नुसत्या गोळीवर माझ्यासारख्या शंभरातल्या किती जणींचा आजार दहा वर्षांत पसरतो, केमोने त्यातल्या किती कमी होतात, आणि पाळी थांबवली तर किती? पहिल्या डॉक्टरांनाही आणि दुसऱ्यांनाही हेच तीन प्रश्न. आकडे न देता कुणी नुसतं "घ्या हो, काही होत नाही" म्हणालं तर पुन्हा विचारा.

आणि तपासणी करायची असेल तर गाठीचा मेणाचा ब्लॉक लागेल. तो ऑपरेशन झालं त्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत असतो आणि मागितल्यावर द्यावा लागतो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नंबर आणि तुमच्या सहीचा अर्ज घेऊन यजमानांना उद्याच पाठवा. शुक्रवारपर्यंत टाळलं तर बहुतेक ठिकाणी गोष्ट सोमवारवर जाते.